घंटेखालचं टेबल

आमच्या गावच्या फुटबॉल क्लबला नवा ट्रेनर हवाय आणि त्यासाठी माझ्या मुलीचं नाव निघालंय, हे मला कुणी बोलावून सांगितलं नाही. मी केक कापत होते म्हणून कळलं.

गाव जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखपासून सायकलच्या अंतरावर आहे. मी तिथल्या एका कंपनीत खरेदी खात्यात काम करते. कुणी न मागता भाव उतरवला, की माल कुठेतरी खराब आहे असं धरून चालायचं, ही त्या खात्यातली पहिली शिकवण. पण खरं सांगायचं तर संशय घ्यायला मला नोकरीची गरज नव्हती, तो नाशिकहूनच सामानात आला होता. माझा नवरा इथलाच, याच गावात जन्मलेला. तो म्हणतो, तू लग्नाला होकार देण्याआधीसुद्धा आणखी दोन ठिकाणांहून कोटेशनं मागवली असशील. मी हो किंवा नाही काहीच म्हणत नाही.

क्लब अगदी खालच्या लीगमधला. खेळणारे कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी शाळामास्तर, कुणी बँकेतला कारकून. मैदानाला लागून फेराइन्सहाइम, म्हणजे क्लबचं घर. खाली खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोल्या, वर एक मोठी खोली आणि तिच्यात बिअरचा आणि केकचा काउंटर. तळघरातून बाहेर पडायचं तर जिना चढून याच खोलीतून जावं लागतं, दुसरी वाट नाही. घरच्या मैदानावर सामना असला की काउंटरवर सभासदांच्या घरच्यांनी पाळीपाळीनं उभं राहायचं. मुलगी इथे खेळायला लागली तेव्हापासून मी उभी राहते. तिचं खेळणं संपलं, माझी पाळी काही संपली नाही.

काउंटरच्या टोकाला, तुळईवर, एक पितळी घंटा टांगलेली आहे. कुणीतरी कधीतरी हॅम्बर्गच्या बंदरातून आणलेली, जुन्या जहाजावरची. तिच्याखालचं टेबल म्हणजे श्टामटिश, ठरलेल्या माणसांचं ठरलेलं टेबल. खोली भरून वाहत असली आणि ते टेबल रिकामं असलं, तरी तिथे दुसरं कुणी बसत नाही. तिथे पाच म्हातारे बसतात. सामना चालू असताना ते मैदानाच्या कठड्याला रेलून ओरडतात, सामना संपला की आत येऊन तोंडानं क्लब चालवतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते आमच्याकडे रविवारी दुपारी बघायला मिळतं. या पाचांत एक क्लबचे अध्यक्ष आहेत. एक कौलवाला आहे, जन्मभर लोकांच्या छपरांवर चढून कौलं बसवल्यामुळे ज्याला हळू बोलताच येत नाही. आणि एक माझे सासरे.

सासऱ्यांनी ऐंशी ओलांडली आहे, पण अजून सायकलवर फिरतात. जर्मनमध्ये आम्ही एकमेकांना एकेरीच हाक मारतो. मराठीत लिहिताना मात्र माझा हात त्यांना अहोजाहोच करतो, त्याला इलाज नाही. या भागातली माणसं बोलायला कंजूष आणि कौतुक करायला महाकंजूष. 'शिव्या दिल्या नाहीत म्हणजे पुरेसं कौतुक झालं', अशी त्यांची म्हणच आहे. मी या घरात आल्यापासून सासऱ्यांनी मला शिव्या दिलेल्या नाहीत. त्याचा अर्थ काय लावायचा, हे मला कित्येक वर्षं ठरवता आलेलं नव्हतं.

तर मार्च महिन्यात जुना ट्रेनर सोडून गेला. तब्येतीचं कारण सांगितलं. तब्येत चांगली ठणठणीत होती, मी त्याला दोन केक खाताना पाहिलं होतं. संघ सारखा हरत होता आणि कठड्यावरचे आवाज वाढत चालले होते, त्यामुळे तो गेला. त्या रविवारपासून टेबलावर एकच विषय: पुढच्या मोसमाला ट्रेनर कोण?

मी चेरीच्या केकवर सुरी चालवत होते आणि कौलवाला बोटांवर मोजत नावं घेत होता. पहिलं नाव शेजारच्या गावच्या एकाचं, एकेकाळी बऱ्याच वरच्या लीगमध्ये खेळलेला. दुसरं अध्यक्षांच्या जावयाचं. आणि तिसरं, "आमच्या म्हाताऱ्याची नात," असं म्हणून त्यानं सासऱ्यांच्या पाठीवर थाप मारली.

माझी सुरी थांबली. माझी मुलगी गणिताची शिक्षिका आहे आणि क्लबच्या एकोणीस वर्षांखालच्या मुलांना शिकवत होती. ती पोरं त्या वर्षी गटात दुसऱ्या नंबरावर होती. मोठ्यांचा संघ आपल्या हाती यावा, हे तिला किती हवं होतं ते मला ठाऊक होतं. लहान असताना ती पोह्यांतले शेंगदाणे वेचून ताटात खेळाडू मांडायची, चार मागे, चार मध्ये, दोन पुढे, आणि पोहे गार करायची. अजूनही करते. या खेड्यात पुरुषांच्या संघाला बाई ट्रेनर कधी झालेली नाही, आणि काळ्या केसांची, अर्ध्या मराठी आडनावाची बाई तर सोडाच. तिला ते मिळेल का, हा प्रश्न तिचा होता, पण झोप माझी उडाली.

"पोरगी हुशार आहे," कौलवाला म्हणाला, "पण आल्झो, आमच्या लोकांना झेपेल का?" 'आल्झो', म्हणजे 'तर मग', हे त्याचं पालुपद.

'आमच्या लोकांना' म्हणताना त्यानं काउंटरकडे बघितलं की नाही? मला वाटलं, बघितलं. मी त्याला केकचा कडेचा तुकडा दिला, सुकलेला.

एप्रिलमध्ये नाशिकहून दादा आला. माझा थोरला भाऊ, बँकेतून निवृत्त, आणि आपल्या हाउसिंग सोसायटीचा वर्षानुवर्षांचा सेक्रेटरी. संशयाच्या बाबतीत मी त्याची धाकटी बहीण शोभते एवढंच. मी त्याला ट्रेनरचं प्रकरण सांगितलं तेव्हा त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"अध्यक्षांचा जावई? मग झालंच की! इलेक्शन कशाला म्हणतात त्याला?"

"इलेक्शन नाही रे. कमिटी ठरवणार."

"तेच ते. आमच्याकडे लिफ्टचं कॉन्ट्रॅक्ट असंच ठरलं होतं. अगं, पाणी कुठेतरी मुरतंय. कोण कुणाचा माणूस ते आधी बघ. झारीतला शुक्राचार्य सापडला की पाणी आपोआप वाहतं."

माझी मुलगी शेजारी बसून ऐकत होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. "मामा, हा फुटबॉल आहे," ती म्हणाली, "लिफ्ट नाही."

"बाळा, माणसं तीच असतात," दादा म्हणाला.

पुढच्या रविवारी मी त्याला फेराइन्सहाइममध्ये घेऊन गेले. मुलगी पोरांना घेऊन बाहेरगावी सामन्याला गेली होती. मी आधी आत जाऊन एप्रन बांधत होते. दादा दारातून आला, समोर तुळईला टांगलेली घंटा दिसली, आणि त्याचा हात वर गेला. विचार करून नाही. जन्मभर सकाळी मारुतीच्या देवळात जाणारा माणूस, घंटा दिसली की हात जातोच. त्यानं दोरी धरून ती ठणकावून वाजवली, हात छातीला लावला आणि मग समोर देव नाही, बिअरचा नळ आहे, हे त्याच्या लक्षात आलं.

खोलीत जल्लोष उसळला. जर्मनीत बारमधली अशी घंटा वाजवणं म्हणजे, खोलीत आहेत तितक्या सगळ्यांना माझ्याकडून एक एक बिअर. चुकून वाजली, टोपी अडकून वाजली, तरी सुटका नाही. मी कपाळाला हात लावला आणि ग्लास भरायला घेतले.

पण आमच्या श्टामटिशचा यावर आणखी एक स्वतःचा नियम आहे, तो दुसरीकडे कुठे नसावा. ज्यानं घंटा वाजवली त्याच्याविषयी आणि त्याच्या घरच्यांविषयी, त्या फेरीतला टेबलावरचा शेवटचा ग्लास रिकामा होईपर्यंत, वाईट बोलायचं नाही. कुणाची बिअर पीत असताना त्याला नावं ठेवणं बरं दिसत नाही, इतकी लाज त्या पाचांना आहे.

घंटा वाजवणाऱ्याला मान म्हणून दादाला श्टामटिशवर खुर्ची मिळाली आणि पुढ्यात फेसाळता ग्लास आला. दादा दारूच्या थेंबालाही शिवत नाही. तो हसून मान हलवत बसला. बाकीच्यांचे ग्लास बघता बघता रिकामे झाले. कौलवाल्यानं मिशी पुसली.

"आल्झो, त्या मुलीचं म्हणाल तर..." त्यानं सुरुवात केली.

अध्यक्षांनी बोटानं दादाच्या ग्लासाकडे दाखवलं. कौलवाला गप्प झाला. पाचही जण त्या ग्लासाकडे बघत बसले. फेस खाली बसला, तरी ग्लास काठोकाठ.

"हे सगळे माझ्या ग्लासाकडे का बघतायत?" दादानं मला विचारलं.

मी काउंटरवरून मराठीत नियम सांगितला. दादाचा चेहरा उजळला. सोसायटीच्या सभेत तांत्रिक मुद्दा सापडला की तो असाच उजळत असणार.

"म्हणजे मी हे पीत नाही तोवर आपल्या पोरीविरुद्ध ठराव मांडता येत नाही? मग मी आज इथून हलत नाही!" आणि तो हाताची घडी घालून बसला.

कौलवाल्याला मराठी कळत नसलं तरी घडी घातलेले हात कळले. त्याचे डोळे बारीक झाले. "तूच शिकवलंस ना त्याला?" त्यानं मला विचारलं. "पोरीचं नाव चर्चेत आहे म्हणून पाहुण्याला घंटा वाजवायला लावलीस. बिअरही पाजलीस आणि तोंडंही शिवलीस."

"तो देवळात वाजवतो तसं त्यानं वाजवलं," मी म्हणाले.

"हो का," कौलवाला म्हणाला. त्याचा विश्वास बसला नाही. त्याच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता.

"घंटा वाजवणाऱ्याला काहीतरी हवं असतं," माझे सासरे माझ्याकडे बघत म्हणाले. मग त्यांनी हात लांब केला, दादासमोरचा ग्लास उचलला, तोंडाला लावला आणि सगळा रिकामा करून खाली ठेवला.

"बोला आता," ते म्हणाले. आणि दुसरं कुणी बोलायच्या आत स्वतःच बोलले: "ती नको. जावयाला घ्या."

माझ्या हातातला ग्लास वाहायला लागला होता, ते मला नळ बंद केल्यावर कळलं. कौलवाला बोलला असता तर मी समजू शकले असते. पण तो तर आ वासून बघत होता. स्वतःच्या नातीविरुद्ध बोलायला त्यांना इतकी घाई होती, की दुसऱ्याचा ग्लास हिसकावून प्यायले! मला रडू आलं नाही, संताप आला.

"सापडला तुझा शुक्राचार्य," घरी जाताना दादा म्हणाला. "घरचाच निघाला."

दादा दोन आठवड्यांनी परत गेला, पण ते वाक्य इथेच ठेवून गेला. माझ्या डोक्यात तीस वर्षांचा सगळा हिशोब पुन्हा उघडला. लग्नात सासरे माझ्या आईशी फक्त हवामानावर बोलले होते ते का? मुलीचं नाव ठेवलं तेव्हा ते उठून बागेत का गेले? या सगळ्याला पूर्वी माझ्याकडे साधी उत्तरं होती, आता एकही पटेना. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "पापांना काय वाटतं ते पापांनाच विचार." त्याचं बोलणं नेहमी बरोबर असतं आणि कधीच उपयोगी नसतं.

मी विचारलं नाही, पाळत ठेवली. कामावरून येताना मला अध्यक्षांच्या कुंपणाला सासऱ्यांची सायकल टेकवलेली दिसली. काही दिवसांनी पुन्हा दिसली. रविवारी जेवायला आले तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं, "हल्ली अध्यक्षांकडे येणं-जाणं वाढलंय?"

"टोमॅटोची रोपं बघायला गेलो होतो," ते म्हणाले.

आता, मेच्या मध्यावर इथे थंडीचा शेवटचा फटका येऊन जातो. तो गेल्याशिवाय टोमॅटोचं रोप घराबाहेर काढायचं नाही, हे मला या गावात आल्या आल्या शिकवलं होतं ते याच माणसानं. एप्रिलमध्ये रोपं बघायला जाणारा माणूस एकतर अडाणी किंवा खोटारडा, आणि सासरे अडाणी नव्हते. मी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

मुलीला यातलं काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. ती बापडी संध्याकाळी स्वयंपाकघरात शेंगदाणे मांडत बसायची आणि मला म्हणायची, बघ, डावीकडचा जरा पुढे आला तर मधे जागा होते. मी म्हणायचे, हो. आणि मनात म्हणायचे, तुझ्या आजोबांनीच तुझी जागा बंद केली आहे, तुला माहीत नाही.

शेवटी मेमध्ये, थंडीचे ते दिवस सरल्यावर, मी त्यांच्या बागेत गेले. ते घेवड्याच्या वेलांसाठी काठ्या रोवत होते. मी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "ती काळी आहे म्हणून, बाई आहे म्हणून, की माझी आहे म्हणून?"

त्यांना कळलं मी कशाबद्दल बोलतेय ते. त्यांनी हातातली काठी पूर्ण रोवली, हलवून बघितली आणि मग मातीचे हात पँटला पुसले.

"अध्यक्षांकडे मी तेवढ्यासाठीच गेलो होतो," ते म्हणाले. "तिला घेऊ नका, हे सांगायला."

"का?"

"कठड्यावर मी चाळीस वर्षं उभा आहे. काय काय ओरडलोय ते मला माहीत आहे."

ते इतकं बोलले हेच मला विचित्र वाटत होतं.

"एक बेकर होता ट्रेनर. पहाटे पाव भाजायचा, संध्याकाळी पोरांना शिकवायचा. चांगला माणूस. संघ हरायला लागला. आम्ही ओरडायला लागलो. एका रविवारी त्याची लहान पोरगी माझ्या शेजारी कठड्याला लटकून बघत होती. लाल टोपी घातलेली. मला माहीत होतं ती कोणाची आहे. तरी मी ओरडलो. जे ओरडलो ते तुला सांगणार नाही. पोरीनं माझ्याकडे वर बघितलं."

त्यांनी दुसरी काठी उचलली. "आता ती दुकानाच्या काउंटरवर असते. मला पाव देते, सुटे पैसे देते. बोलत नाही."

मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. खोटं बोलणारा माणूस एवढी लाल टोपी कुठून आणेल, असं एका बाजूला वाटत होतं. दुसऱ्या बाजूला माझं खरेदी खातं जागंच होतं: कारण फार चांगलं असलं की दुसरं कारण शोधावं. ते जावयाचं नाव का घेतात? त्यानं हरावं आणि शिव्या खाव्यात असं वाटतं का त्यांना? तसं विचारलंच मी.

"तो जाड कातडीचा आहे," सासरे म्हणाले. "गेनाऊ, अगदी तसाच माणूस लागतो तिथे."

"पण हे तिनं ठरवायचं की तुम्ही?"

"तिला आधीच सांगितलंय," ते म्हणाले.

हे मला लागलं. मी घरी येऊन मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "हो, मार्चमध्येच. ओपानं तोंडावर सांगितलं, मी तुझ्या विरुद्ध बोलणार आहे. मी म्हटलं, बोल. मामा, घरात तुझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं." जर्मन पोरांसारखी ती आजोबांना ओपा आणि मला मामा म्हणते, आणि माझ्या भावालाही मामाच म्हणते, हाक कुणाला आहे ते आवाजावरून ओळखायचं. त्या वेळी आवाज माझी कीव करणारा होता. मी तिच्यासमोरचे शेंगदाणे उचलून खाल्ले.

जूनमध्ये कमिटीनं मुलीला घेतलं. फार आनंदानं घेतलं असं नाही. शेजारच्या गावच्याला दुसरा क्लब मिळाला, आणि जावयाच्या बायकोनं सांगितलं, रविवार माझे. उरली ती. मी पेढे केले नाहीत. ज्या मालाला दुसरं गिऱ्हाईक नसतं तो आपल्या गळ्यात मारतात, हे मी रोज बघते. मुलीला मात्र त्याचं काही नव्हतं. तिनं जिन्यात मला उचलून गोल फिरवलं, आणि मी ओरडले, आणि मग हसले.

ऑगस्टमध्ये मोसम सुरू झाला. पहिला सामना बरोबरीत सुटला. त्यानंतर हरले, मग पुन्हा हरले. मी काउंटरच्या खिडकीतून कठड्याकडे बघायचे. चौघे ओरडायचे. आधी खेळाडूंच्या नावानं, मग पंचाच्या, आणि हळूहळू आवाज मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे वळायचा. सासरे त्यांच्या शेजारी उभे राहायचे, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, तोंड मिटून. त्यांच्या गप्प बसण्यावरही मी संशय घेतला. बघा, मी सांगितलं होतं, असं तर म्हणत नसतील ना मनात?

मग सप्टेंबरातला तो पावसाळी रविवार आला. घरच्या मैदानावर, सगळ्या गावासमोर, चार गोल खाल्ले. सामना संपल्यावर भिजलेली माणसं आत आली, खिडक्यांच्या काचा धुरकटल्या. मी बिअरच्या नळावर होते. खाली तळघरात खेळाडू कपडे बदलत होते आणि मुलगी त्यांच्याशी बोलत असणार. केव्हाही ती जिना चढून वर येणार होती, ही खोली ओलांडून बाहेर जाणार होती.

कौलवाल्यानं ओली टोपी टेबलावर आपटली. "झालं, बस्स! मार्चमध्ये सांगत होतो की नाही? आता बोला, पुढचा कोण?"

आणि सगळं पुन्हा सुरू झालं. शेजारच्या गावचा तिथे खूश नाही म्हणे. जावयाला पुन्हा विचारून बघा. बाजूच्या टेबलांवरचे लोकही खुर्च्या वळवून सामील झाले. आवाज चढत गेले. "पोरांना शिकवणं वेगळं," कुणीतरी म्हणालं. "बाईमाणूस कपडे बदलायच्या खोलीत जाणार कशी, बोलणार कशी?" कौलवाल्यानं पुढे जे म्हटलं ते मी लिहीत नाही. मी ते ऐकलं, आणि त्याच वेळी मला तळघरातलं दार लागल्याचा आवाज आला. पाठोपाठ जिन्यावर पावलं. जाळीत भरलेले चेंडू पायऱ्यांवर आपटतात तो आवाज मी ओळखते.

मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांनीही तो आवाज ऐकला होता. ते टेबलाला धरून उठले, हात वर केला आणि घंटेची दोरी खेचली. एकदा नाही, चांगली दोन-तीनदा.

खोली चिडीचूप झाली. जल्लोषसुद्धा झाला नाही, इतकं नवल. या माणसानं इतक्या वर्षांत ती घंटा कधी वाजवलेली कुणी पाहिली नव्हती. तिच्याखालून जाताना ते मान वाकवायचे, धक्कासुद्धा लागू नये म्हणून.

"काय हवंय तुला?" कौलवाल्यानं विचारलं, डोळे बारीक करून.

"आधी पी," सासरे म्हणाले.

मी ग्लास भरत सुटले. आयुष्यात इतक्या भराभर कधी भरले नसतील. अर्धे फेसानंच भरले, कुणी तक्रार केली नाही. श्टामटिशचे पाच ग्लास आधी ठेवले. पोरगी जिन्याच्या तोंडाशी आली तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाच्या हातात ग्लास होता आणि नियम सगळ्यांना ठाऊक होता. केस ओले, खांद्यावर चेंडूंची जाळी, डोळे जरा लाल. ती दारात थांबली. तिनं सगळ्यांकडे बघितलं. त्या खोलीचा आवाज तिला खालपर्यंत ऐकू आला असणार, आणि आता कुणी एक शब्द बोलत नव्हतं. कौलवाल्यानं ग्लास वर केला आणि मान हलवली, दुसरं काही करता येत नव्हतं त्याला.

ती मधून चालत गेली. सासरे टेबलामागून बाहेर आले आणि त्यांनी तिच्या जाळीचं एक टोक धरलं.

"आज कुणी शिव्या दिल्या नाहीत, ओपा?" तिनं विचारलं.

"नाहीत," ते म्हणाले. "म्हणजे पुरेसं झालं."

दोघं मिळून जाळी धरून दारापर्यंत गेली. काउंटरसमोरून जाताना सासरे माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझा ग्लास धुवायची घाई करू नकोस." आणि ते तिच्याबरोबर पावसात गेले.

मी टेबलाकडे बघितलं. चार ग्लास होते तळाला आलेले. पाचवा काठोकाठ भरलेला, ओठसुद्धा न लावलेला. दादासमोरचा ग्लास त्यांनी एका दमात संपवला होता, तो मला आठवला. संशय घ्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं, आणि त्याचंच मला रडू आलं. मी पाठ फिरवून फडकं पिळत राहिले.

कौलवाल्यानं शेवटचा घोट घेतला. "आल्झो," तो म्हणाला, आणि पाचव्या ग्लासावर नजर जाऊन थांबला. मग सगळे हवामानावर बोलले. मग कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनवर. माणसं एकेक करून घरी जायला लागली तरी ट्रेनरचा विषय कुणी काढू शकलं नाही. मी फडकं घेऊन टेबलाशी गेले, रिकामे ग्लास उचलले.

"तोही उचल की," कौलवाला वैतागून म्हणाला. "मेली त्यातली बिअर. कोण पिणार आता?"

"अजून संपलेला नाही," मी म्हणाले, आणि ग्लासाच्या भोवतीनं टेबल पुसून घेतलं.